कॉलरमागचा बिल्ला

तुम्ही माझ्या भावाला खोटारडा ठरवलंत, आणि वर नियमावर बोट ठेवून हात झटकून मोकळे झालात. निकालाची भाषा काय सभ्य. ‘उल्लेखनीयता सिद्ध होत नाही. स्वतंत्र संदर्भ आढळले नाहीत. लेख वगळण्यात येत आहे.’ खाली सही नाही. तुमच्या इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात निकाल देणाऱ्याला नाव लागत नाही, टोपणनाव पुरतं. ठीक आहे, मीही इथे कुणाचं नाव लिहिणार नाही. पण झालं ते सगळं लिहिणार आहे, आणि तुम्हाला ते शेवटपर्यंत वाचावं लागेल, कारण शेवटी मी तुम्हाला एक प्रश्न विचारणार आहे.

आमच्या मामाची लाँड्री होती. वर काउंटर आणि इस्त्रीची टेबलं, खाली तळघर. तळघरात धुण्याची यंत्रं आणि मागच्या भिंतीला लागून कपडे वाळवायचा भलामोठा ड्रम. जमीन कायम ओलसर, हवेत सोड्याचा वास. लाँड्रीच्या सुट्टीच्या दिवशी मामा कुलूप लावून घरी झोपायचा आणि किल्ली आमच्या दादाकडे असायची. मग दुपारभर तळघर आमचं. दादा गायचा आणि गिटार वाजवायचा. त्याच्या शेजारी जाड्या उभा राहून बेस वाजवायचा. जाड्या काडीसारखा बारीक होता म्हणून जाड्या. मागे बसून ड्रम वाजवायचे मी. माझ्याकडे वाजवायचा खरा ड्रम एकच होता, बाकी सगळे सोड्याचे पत्र्याचे डबे. मामाला पत्ता लागला तेव्हा तो एवढंच म्हणाला, ‘‘डब्यांना पोचे आणू नका, परत द्यावे लागतात.’’

बँडचं नाव काउंटरवरच्या पाटीवरून आलं. ‘मुदतीत न नेलेल्या कपड्यांना आम्ही जबाबदार नाही.’ दादाने पाटी वाचली आणि म्हणाला, ‘‘आपण तेच की.’’ झालं, ‘न नेलेले कपडे’. आणि नाव ठेवलं म्हटल्यावर त्याला जागायला नको का? म्हणून आम्ही वाजवताना खरोखर न नेलेलेच कपडे घालायचो. मामाच्या फडताळात त्यांचा ढीग होता. कुणाचा झब्बा, कुणाचा लग्नातला सूट, कुण्या बाईचा रेनकोट. वाजवून झालं की धुवायचे, इस्त्री करायची आणि परत फडताळात. फक्त एक गोष्ट करायची नाही, नंबराचा कापडी बिल्ला काढायचा नाही. बिल्ला हरवला तर मामाने आमचं कातडं सोलून वाळत घातलं असतं. बिल्ला कॉलरच्या आत पिनेने टोचलेला असायचा आणि दादाच्या मानेला टोचायचा. म्हणून तो बिल्ला उलटा करून कॉलरच्या मागे खोचायचा. गाताना सुटून पाठीवर लोंबत राहायचा तो, शेपटी चुकून वर उगवल्यासारखा. समोरून दिसायचा नाही. मला मात्र गाणंभर तोच दिसायचा, कारण मी मागे बसायचे.

हे लक्षात ठेवा.

ऐकायला फार लोक यायचे असं मी म्हणणार नाही. तुमच्यासारखी मी गोष्टी फुगवत नाही. कपड्यांच्या गाठोड्यांवर बसून जेवढे मावतील तेवढे यायचे. एकदा त्यांच्यातल्या एका गृहस्थाने दादाच्या अंगावरचा करडा कोट ओळखला. त्याचाच होता. गाणं संपेपर्यंत बिचारा गप्प बसला. मग उठून जवळ आला, खिसा चाचपला, म्हणाला, ‘‘हा खिसा मीच फाडला होता. पुढच्या आठवड्यात नेतो हं.’’ आणि परत कधी फिरकला नाही. त्यावर दादाने गाणं केलं.

*कुणाचा हा कोट, कोण गेलं टाकून,*
*खांद्याला बसतो, मापाचा नाही,*
*खिशात हात घातला तर हात जातो आरपार,*
*ज्याचा आहे त्याला सांगा, अजून फाटला नाही.*

आता तुम्ही मान डोलावली असेल. हे गाणं तुम्हाला माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे.

ते ज्या दुपारी पहिल्यांदा गायलं त्या दुपारी टेपवाला आला होता. कुठल्याशा संस्थेत शिकत होता, गाणी गोळा करत फिरायचा. आमच्याहून थोडा मोठा, नखं स्वच्छ, बोलताना एक कान पुढे करायची सवय. त्याचं नाव आम्ही विचारलं नाही आणि त्याने आमचं विचारलं नाही. त्याचं यंत्र जड होतं आणि त्याला वीज लागायची. तळघरात रिकामा प्लग एकच, वाळवायच्या ड्रमच्या बाजूला, मागच्या भिंतीवर. म्हणून तो माझ्या डाव्या कोपराशी बसला. माझी काडी एकदा त्याच्या चष्म्याला लागली तेव्हा तो म्हणाला, ‘‘चालू दे, चालू दे, ते पण टिपलं.’’ जाताना म्हणाला, कॉपी करून देतो.

तोही त्या कोटवाल्यासारखाच. परत आला नाही.

पुढे मामा गेला, लाँड्री विकली गेली, तिथे आता मोबाइल विकतात. जाड्या समुद्रापलीकडे नोकरीला गेला आणि तिकडेच वारला. दादा लिफ्टचा मेकॅनिक झाला. मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. ब्रेकवर माझाही एक पाय असतो, त्यामुळे मी फारशी घाबरत नाही.

एके दिवशी दादा एका इमारतीत लिफ्टच्या टपावर उभा राहून दोराला ग्रीस लावत होता. कुठल्याशा मजल्यावरून रेडिओ ऐकू आला. तुमच्या ज्ञानकोशात ज्यांच्यावर लांबलचक लेख आहे ते थोर गायक, मागे पन्नास व्हायोलिनं, आणि ‘कुणाचा हा कोट’. दादा संध्याकाळी माझ्याकडे आला तेव्हा हसत होता.

‘‘धडधडे, आपला कोट कुणीतरी नेला गं.’’ मला तो धडधडी म्हणतो.

‘‘मग? जाऊन भांड की.’’

‘‘कशाला? बरा बसलाय त्यांना. जरा सैल होतोय खांद्यात, एवढंच.’’

दादा तसा आहे. मी तशी नाही, पण गाणं त्याचं होतं, म्हणून मी गप्प बसले. गाणं पसरलं. विद्वानांनी त्याच्यावर लिहिलं. कोट म्हणजे देह, खिसा म्हणजे वासना, आरपार जाणारा हात म्हणजे मुक्ती. आम्ही दोघं ते वाचून पोट धरून हसलो. कोट म्हणजे कोट हो. करडा, जाड कापडाचा, डाव्या खिशाची शिवण उसवलेला.

हसणं बंद झालं ते माझ्या भाचीमुळे. दादाची मुलगी दातांच्या दवाखान्यात काम करते. तिथल्या मंडळींबरोबर सहलीला गेली होती. कुणीतरी ते गाणं म्हटलं. ही भाबडेपणाने बोलून गेली, हे माझ्या बाबांचं गाणं. डॉक्टरबाईंच्या नवऱ्याने लगेच फोन काढला, तुमचा ज्ञानकोश उघडला आणि सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. ‘रचनाकार: अज्ञात. फिरस्त्यांच्या परंपरेतील गीत.’ आणि विचारलं, ‘‘बाबा फिरस्ते आहेत का तुझे?’’ सगळे हसले. वाईट मनाने नसतील हसले. पण घरी येऊन तिने बापाला विचारलं, ‘‘बाबा, खरं सांगा, हे तुमचंच ना?’’

आपल्याच मुलीने ‘खरं सांगा’ म्हणावं. दादा हो म्हणाला आणि जेवायला बसला. त्या दिवसापासून तो गुणगुणत नाही. काम करताना गुणगुणणारा माणूस आहे तो. लिफ्टच्या भोकातून त्याचा आवाज यायचा म्हणून इमारतीतल्या म्हाताऱ्या त्याला ओळखायच्या.

मी म्हटलं, ‘‘आता तरी भांडूया?’’

‘‘मला नाव नको गं,’’ तो म्हणाला. ‘‘पण पोरीसमोर खोटारडा नको.’’

म्हणून भाचीने तुमच्याकडे ‘न नेलेले कपडे’ या बँडवर लेख लिहिला. छोटासा. कोण वाजवायचं, कुठे, नाव कशावरून पडलं, आणि हे गाणं कुणी केलं. दुसऱ्याच दिवशी लेखाच्या डोक्यावर तुमची लाल पट्टी बसली. हा लेख ठेवावा की वगळावा, चर्चा करा.

मीही सदस्य झाले आणि चर्चेत लिहिलं, मी या बँडची ड्रमर आहे, मी तिथे होते, हे असं असं झालं. लगेच उत्तर आलं. आपला या विषयात हितसंबंध आहे, आपलं म्हणणं ग्राह्य धरता येत नाही. म्हणजे मी तिथे होते म्हणून माझं ऐकायचं नाही. मग कुणाचं ऐकायचं? जो तिथे नव्हता त्याचं. बरं, नियम तर नियम. शिकाऊ लोकांना मीही सांगते, रस्ता रिकामा असला तरी सिग्नलला थांबायचं.

उत्तर देणाऱ्याचं टोपणनाव ‘निःपक्ष’. जुना सदस्य, तुमच्यात मोठा मान. त्यानेच लाल पट्टी लावली होती. भाची एकेक कागद आणून डकवायची आणि तो एकेक उडवायचा. जाड्याच्या बायकोने बँडचा समोरून काढलेला फोटो पाठवला, तर फोटो म्हणजे संदर्भ नव्हे. मामाच्या दुकानाची जाहिरात सापडली, तर जाहिरातीत बँडचा उल्लेख नाही. गाण्याच्या लेखात ‘अज्ञात’ला संदर्भ कुठला, असं विचारलं, तर म्हणे एका मान्यवर संग्राहकाचं पुस्तक आहे. पुस्तकात काय लिहिलंय? ‘एका अज्ञात गायकाकडून टिपलेलं.’

मग भाची चिडली आणि तिने जरा जोरात लिहिलं. आणि तोही चिडला. चिडलेला माणूस गिअर चुकतो, हे मी रोज बघते. त्याने लिहिलं ते शब्दशः असं होतं: ‘‘ओल्या तळघरात बसलेली चार टाळकी आणि पाठीवर लाँड्रीचा बिल्ला लोंबणारा एक हौशी गायक, याला बँड म्हणत नाहीत. ही घरगुती करमणूक झाली.’’

भाचीने मला फोनवर वाचून दाखवलं. मी शिकाऊ गाडीत होते. गाडी बाजूला घ्यायला लावली.

‘‘परत वाच.’’

तिने परत वाचलं.

‘‘बिल्ल्याचं तू लेखात लिहिलं होतंस?’’

‘‘नाही आत्या. कसला बिल्ला?’’

तिला माहीतच नव्हतं. मी लिहिलं नव्हतं. दादाला स्वतःची पाठ दिसायची नाही. जाड्या त्याच्या शेजारी, तोंड समोर. गाठोड्यांवर बसलेल्यांना दिसायची दादाची छाती. पाठीवरचा बिल्ला दिसायचा तो मला आणि एकदाच, एका दुपारी, माझ्या डाव्या कोपराशी बसलेल्या माणसाला.

मी भाचीला म्हटलं, त्या मान्यवर संग्राहकावर लेख आहे का? होता. चांगला ऐसपैस. फोटोसकट. केस गेलेले, गाल आलेले, पण फोटोतसुद्धा एक कान पुढे.

मी त्याच्या घरी गेले. नीट बेल वाजवून, चपला दाराबाहेर काढून. दार त्याच्या बायकोने उघडलं. ‘‘या ना ताई,’’ म्हणाली, मी कोण ते न विचारता. खोलीत पुस्तकं, मानपत्रं, आणि काचेच्या कपाटात ते यंत्र. मी लगेच ओळखलं. त्याच्या कडेला माझ्या काडीचा ओरखडा असेल असं वाटलं, पण नव्हता. तो चष्म्यावर गेला होता, नाही का.

‘‘आपण?’’ तो म्हणाला.

‘‘डबे वाजवणारी.’’

कान पुढे आला. मग मागे गेला. ‘‘माफ करा, मला काही आठवत नाही.’’

‘‘बिल्ला आठवतो आणि आम्ही आठवत नाही?’’

‘‘कुठला बिल्ला?’’

‘‘परवा लिहिलात तो. निःपक्षने.’’

‘‘निःपक्ष म्हणजे कोण, मला...’’

‘‘अहो, असं काय करता,’’ बायको आतून पाणी घेऊन येत म्हणाली. ‘‘ताई, दिवसभर त्यातच असतात हे. जेवायला हाक मारली तर म्हणतात, थांब, एक लेख उडवायचाय.’’

तिला खरंच काही माहीत नव्हतं. तो तिच्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळून शिकवल्यासारखं बोलायला लागला.

‘‘हे बघा. संग्रहाची एक पद्धत असते. ज्याचं नाव नोंदलेलं नाही तो अज्ञात. मी नाव नोंदलं नव्हतं.’’

‘‘विचारलं का नाहीत?’’

‘‘तुम्ही दुसऱ्यांचे कपडे घालत होता, नाव दुकानाच्या पाटीवरचं. मला वाटलं, गाणंही तसंच कुठूनतरी उचललेलं असणार.’’

‘‘वाटलं.’’

‘‘हो, वाटलं.’’

‘‘मग पुस्तकात तसं लिहायचं, मला वाटलं म्हणून. दादा गाण्याआधी बोलला होता, आठवतं? ‘हे मी काल केलंय, शिव्या नंतर द्या.’ टेपवर असेल ते. ऐकूया.’’

‘‘टेप संस्थेत आहे. गाण्यापासून सुरू होते. आधीचं बोलणं आम्ही ठेवत नसू. फीत वाचवायला कापून टाकायचो.’’

‘‘म्हणजे बोलणं होतं.’’

बायको ट्रे हातात धरून उभी होती. मी त्याला म्हटलं, मला भांडायचं नाही, पुस्तक मागे घ्या असंही म्हणत नाही. एक ओळ लिहा. मी तिथे होतो आणि हे गाणं त्या गायकाने स्वतःचं म्हणून गायलं. बस. माझ्या भाचीला दाखवते आणि परत येत नाही.

‘‘माझी आठवण म्हणजे संदर्भ नव्हे,’’ तो म्हणाला. ‘‘मला स्वतःला नियम मोडता येत नाही.’’

त्याच्या बायकोने एक पेला माझ्या हातात दिला. त्याच्यासाठी आणलेला दुसरा तसाच ट्रेमधून आत घेऊन गेली. मी सगळं पाणी प्यायले आणि निघाले.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, कारण पुढे तुम्ही आलात. पण ते वाचणाऱ्यांना माहीत नाही, म्हणून लिहिते. मी तुमचे नियम पाठ केले. पोरं परीक्षेआधी रस्त्यावरच्या खुणा पाठ करतात तसे, सगळे. आणि त्याच्यावरच्या लेखाला लाल पट्टी लावली. का नाही लावायची? त्यात संदर्भ कुठले होते? त्याचंच पुस्तक. त्याच्याच संस्थेची पुस्तिका. त्याच्याच शिष्याचं भाषण. स्वतंत्र एकही नाही. मी एकेक वाक्य घेतलं आणि त्याच्यापुढे ‘संदर्भ हवा’ लिहीत गेले. ‘रानोमाळ भटकून गाणी वेचली’, संदर्भ हवा. ‘अनेक अनाम कलावंतांना आवाज दिला’, संदर्भ हवा. मजा आली, खोटं कशाला सांगू. पोर चुकून रिव्हर्समध्ये वेगात जातं आणि कुंपण आडवं करतं, तेव्हा त्याच्या तोंडावर जे सुख असतं ते माझ्या तोंडावर होतं. आमच्या बँडची उल्लेखनीयता मोजायची ती पट्टी मी उचलली आणि त्याच्या अंगाला लावली. भरेना.

निकाल तुम्ही दिलात. दोन्ही निकाल एकाच दिवशी, तुमच्या एकाच टोपणनावाने. त्याच्यावरचा: ‘योगदान सर्वश्रुत आहे. लेख ठेवावा.’ आमच्यावरचा वर लिहिलाच आहे, पण एक वाक्य राहिलं होतं, ते आता लिहिते. ‘चर्चेतून स्पष्ट होते की हे सादरीकरण चार श्रोत्यांसमोरील घरगुती करमणूक होते.’ चर्चेतून. म्हणजे निःपक्षच्या त्या वाक्यातून. दुसरं कुणीही तसं म्हटलं नव्हतं.

आणि मला बाहेर काढलंत. कारण लिहिलंत, ‘सूडबुद्धीने केलेली संपादने’. हे मात्र तुमचं बरोबर आहे. सूडबुद्धीच होती. अजून आहे. त्याला संदर्भ लागत नाही, मी स्वतः सांगते.

दादाला मी सगळं सांगितलं. बिल्ला, पाण्याचा पेला, कापलेली फीत. ऐकताना तो हातातला पाना पुसत होता. भाची शेजारी होती.

‘‘बिल्ला लोंबायचा का गं माझ्या पाठीवर?’’ त्याने विचारलं.

‘‘कायम.’’

‘‘आणि तू कधी बोलली नाहीस.’’

‘‘बरा दिसायचा.’’

भाची बापाकडे बघून म्हणाली, ‘‘बाबा, मी तेव्हा खरं सांगा म्हटलं ना तुम्हाला...’’ दादा म्हणाला, ‘‘जा, जेवायला वाढ.’’ पण गुणगुणला नाही. मी कान देऊन होते. अजूनही नाही.

म्हणून हे लिहिलं. बाहेर काढण्याआधी मी निःपक्षच्या त्या वाक्यापुढेही ‘संदर्भ हवा’ लिहिलं होतं. तुम्ही ते पुसलंत आणि वाक्य तसंच ठेवलंत, कारण तुमचा निकाल त्याच्यावर उभा आहे. आता मी पाहिजे तितक्या ठिकाणी हे छापेन, तिथे तुम्हाला पुसता येणार नाही. तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत. त्या वाक्याला आधार नसेल तर ते काढा, आणि त्याच्याबरोबर तुमचा निकालही काढा. आधार असेल तर तो एकच असू शकतो. तो माणूस त्या दुपारी आमच्या तळघरात होता, आमचा नातेवाईक नव्हता, मित्र नव्हता, म्हणजे तुम्हाला हवा तसा स्वतंत्र साक्षीदार होता. मग त्याला विचारा, गाण्याआधी काय बोललं गेलं आणि कात्री कुणाच्या हातात होती.

बिल्ला कॉलरच्या मागे होता. समोरून दिसत नव्हता. तुमच्या निःपक्षला तो कुठे बसून दिसला? संदर्भ द्या.